पहिला फोटो अध्यक्षाचा

सालेकशात माझं दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, शिक्के, मोमेंटो. छपाई गोंदियाले होते, डिझाईन माझ्या कॉम्प्युटरवर. कोरल ड्रॉ मले कोणी शिकवलं नाई. सीडी आणली, बटनं दाबत गेलो. दाबता दाबता येते सगळं.

फ्लेक्सच्या धंद्यात एकच शास्त्र आहे. कोणाचं डोकं किती मोठं. ज्याचा वाढदिवस त्याचं मधात, नेत्याचं त्याच्याहून मोठं, बाकीचे खाली ओळीनं, साबणाच्या वड्या मांडल्यासारखे. एकदा उपसरपंचाचं डोकं सरपंचापेक्षा बोटभर मोठं झालं. सरपंच टेप घेऊन दुकानात आला. मोजून गेला.

हे काऊन सांगून राहिलो, त रामटेके सरची गोष्ट समजायची असन त पहिले डोकी समजली पाहिजेत.

संघदीप रामटेके सर आमच्या गावच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला त मास्तर, नाई घेतला त कोणी नाई. उन्हाळ्यात कॉलेजच्या लेखी सर मरायचे आणि जुलैत पुन्हा जन्म घ्यायचे. असे सहा जन्म झाले होते. परमनंटची एक जागा रिकामी होती, ती पण सहा वर्षांपासून. दरवर्षी अध्यक्ष म्हणायचे, पुढच्या सत्रात पाहू.

आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावची रचना सरसोबत लग्नासाठी थांबली होती. सरकारी दवाखान्यात नर्स. तिच्या बापाले सर पसंत होते, सरचं घर पसंत होतं, सरची आई रुक्माबाई त भलतीच पसंत होती. फक्त दर भेटीत चहाच्या पहिल्या घोटाले तो विचारायचा, "परमनंट झाले काय?" आणि दुसऱ्या घोटाले हवापाण्यावर यायचा.

दोन हजार नऊची दिवाळी झाली आणि सर दुकानात आले.

"इंदर, माझ्या आईचा हा फोटो पारदर्शक फिल्मवर काढून देतो काय? पोस्टाच्या तिकिटाएवढा."

लग्नपत्रिकेच्या छपाईले आम्ही तशी फिल्म काढतोच. काढून दिली. म्हटलं, एवढ्याशा फोटोचं करता काय?

"ये, दाखवतो."

कॉलेजच्या मागच्या खोलीत सरनं दुकान मांडलं होतं. खिडक्यांले पडदे म्हणून माझेच जुने फ्लेक्स उलटे लावले होते. खाली धानाच्या कोंड्याची पोती, त्याच्यावर स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा, त्याच्यावर कडप्प्याची फरशी. म्हटलं सर, हे काय, झोपायचं आहे काय?

"हलायला नाई पाहिजे. केसाच्या शंभराव्या भागाएवढं हललं तरी फोटो गेला."

आणि कॉलेजच्या मागून हावड्याची रेल्वे लाईन. मालगाडी आली की पोरांच्या बाकावरचे पेन चालायले लागतात. सर दोन गाड्यांच्या मधात फोटो काढायचे. टाइमटेबल भिंतीवर होतं, पण मालगाडीले टाइमटेबल नसते. मंगरू शिपाई फाटकाजवळ उभा राहून ओरडायचा, "सर, येऊन राहिली!"

फरशीच्या मधात एक खडा होता. खडीसाखरेएवढा, रंग कोऱ्या चहासारखा, एक कोपरा फुटलेला. लिथियम नायोबेट, त्याच्यात जरासं लोखंड. सरच्या पीएचडीच्या नागपूरच्या गाईडनं दिला होता, आणि एक हिरवा लेझर वापरायले.

सरनं लेझरचा एक किरण आईच्या फिल्ममधून पाठवला, एक सरळ पाठवला. दोन्ही खड्यात भेटले. मग फिल्म काढली, एकच किरण ठेवला, आणि मागच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर रुक्माबाई आली. हिरवी. हातात धान पाखडायचं सूप.

मी दोनदा फरशीखाली वाकून पाहिलं.

"हे होते कसं?"

"तू गोरेगावच्या बाजारात गेला असन. ऊन पडलं की लोकं काय करतात?"

"सावलीत सरकतात."

"आन् ऊन गेलं की?"

"बसलेलेच राहतात. कोण उठते?"

"बस. खड्याच्या आत बारीक बारीक विजेचे कण आहेत. उजेड पडला की ते अंधारात सरकतात आन् तिथंच बसतात. कोण कुठं बसलं त्याच्यावरून समजते, ऊन कुठं होतं. तो फोटो. खडा जरासा फिरवला, की दुसरा फोटो त्याच जागेत. शेकडो मावतात. आन् सगळ्यावर सारखा उजेड टाकला की सगळे उठून पांगतात. कोरा. पुन्हा लिही."

रुक्माबाईले बोलावून दाखवलं. तिनं नाकाजवळ पुठ्ठा घेतला. म्हणे, "माह्या कानातले नाई दिसले."

मंगरूनं ही बातमी राईस मिलपर्यंत पोचवली. मिल चुन्नीलालजींची, आणि कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष पण तेच. पांढरी टोपी, पांढरा सदरा. टोपी ते अंघोळीलेच काढतात, असं त्यांची बायको सुशिलाबाई सांगते, आणि तिलेही पक्कं माहीत नाई.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष खोलीत उभे. मी फिल्मा घेऊन आलो होतो, म्हणून हे माझ्यासमोरचं आहे.

"मास्तर, याच्यात मी मावतो काय?"

"मावता साहेब."

"पूर्ण? टोपीसकट?"

"टोपीसकट."

"आन् पुसता येते म्हने?"

"येते. पुसून दुसरा लिहिता येते."

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. "इंदर, म्हणजे हा धुऊन वापरायचा फ्लेक्स झाला."

म्हटलं साहेब, माझ्या पोटावर पाय नका देऊ.

"स्नेहसंमेलनात पाहुण्यासमोर मले दाखव, मास्तर. आख्ख्या जिल्ह्यात कोनाचा असा फोटो नसन. दाखवला, की तुझी परमनंटची ऑर्डर तिथंच स्टेजवर. जुबान देतो."

सर एकदम उभे राहिले. बसलेलेच नव्हते, तरी उभे राहिल्यासारखे झाले.

"साहेब, मग फोटो तापवून पक्का करून टाकतो. भट्टीत ठेवला की—"

"पक्का? पक्का नको!" अध्यक्ष घाबरलेच. "पाहुना कोन येईन ते पक्कं नाई आन् तू फोटो पक्का करतो? मागच्या खेपेले फ्लेक्सवर एक नेता होता, कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं पार्टी बदलली. या इंदरनं त्याच्या डोक्यावर दुसरं डोकं चिकटवलं. ते जेवताना सुटलं. पुसता आलंच पाहिजे."

त रुक्माबाईले पुसून जागा केली. तिले सांगितलं तेव्हा ती धान पाखडत होती. "मले पुसलं त पुसलं," म्हणे, "त्या टोपीवाल्याच्या जुबानीचं पाहा."

यादी आठ जणांची. अध्यक्ष, सुशिलाबाई, पाहुणा, प्राचार्य, अध्यक्षांचे दोन साळे, एक जावई, आणि एक कोणी ठेकेदार, ज्यानं मंडप फुकट दिला होता. सर म्हणाले, "साहेब, तुमी शेवटी बसा."

मागं मंगरू खोकलला.

"मी शेवटी?"

"हो साहेब. कसं आहे, दरेक नवीन फोटो म्हणजे नवीन ऊन. जुने बसलेले थोडे थोडे उठतात. पहिला असते त्याले मागचे सगळे मिळून पुसतात. शेवटच्याले पुसनारा कोनी नाई. शेवटची जागा सगळ्यात चांगली."

"मास्तर," अध्यक्ष एकदम हळू बोलले, ते फार वाईट लक्षण, "शेवटी कोन असते? शेवटी अल्का मॅडम असते. मी काय आभारप्रदर्शन आहो काय?"

ज्यांना आमचं स्नेहसंमेलन माहीत नाई त्यांच्यासाठी सांगतो. अल्का मॅडम आभाराले उभ्या राहतात तेव्हा मंडपवाला खुर्च्या उचलून राहते, पोरं मसालेभाताकडं पळून राहतात, आणि मॅडम माईकवर अशा लोकांचे आभार मानतात जे गाडीत बसून निघून गेले असतात. चौदा वर्षं झाली. त्यांचं एक वाक्य कोणी ऐकलं नाई.

"अध्यक्ष पहिला," चुन्नीलालजी म्हणाले. "पहिला हार, पहिला नारळ, पहिला फोटो."

सरनं यादीवर अध्यक्षांसमोर एक नंबर टाकला. मग मले बाहेर म्हणाले, "होते तसं पण. पहिल्याले जास्त वेळ उजेड द्यायचा, दुसऱ्याले त्याच्याहून कमी, असं उतरत यायचं. आठच्या हिशेबानं बसवतो. मग सगळे सारखे दिसतात."

अध्यक्षांना हे सांगितलं त खूश. "बराबर. अध्यक्षाले जास्त वेळ पाहिजेच."

आठ झाले. दोन दिवस लागले, मालगाड्यांनी तीनदा मातेरं केलं, पण झाले. सरनं पुठ्ठ्यावर पाहिले, आठही सारखे. अध्यक्ष टोपीसकट. खड्यावर काळं कापड टाकलं आणि सर मले नाश्ता द्यायले घेऊन गेले.

परत आलो त दारात चार जण उभे.

"आमाले साहेबानं पाठवलं. आमचेबी टाका."

कोणी मिलचा मॅनेजर, कोणी साळ्याचा साळा. सरनं हात जोडले. "हिशेब आठचा होता भाऊ. आता टाकले त साहेब पुसतात."

"साहेबानंच सांगितलं. तुमी साहेबापेक्षा शहाने काय?"

सर मिलवर गेले. मी गाडीवर मागं. अध्यक्ष धानाच्या ढिगावर बूट काढून उभे होते. सरनं पुन्हा बाजार, ऊन, सावली सगळं सांगितलं.

"मास्तर, हे मले मत देनारे लोकं आहेत. हे मले पुसतीन?"

सरनं गाडी कॉलेजकडं वळवली. चार टाकले. दुसऱ्या दिवशी तीन. मग पाहुण्याचा मुलगा. दर फोटोले सर पुठ्ठ्याकडं पाहायचेच नाई. मी विचारलं, "पाहा ना सर, साहेब किती राहिले?"

"पाहायले उजेड टाकावा लागते इंदर. पाहिलं तरी पुसते."

आणि सगळ्यात शेवटी प्राचार्याले आठवलं की सेवकरामजी राहिले.

सेवकरामजी म्हणजे संस्थेचे सचिव, अध्यक्षांचे चुलतभाऊ. मिलच्या कंपाउंडच्या भिंतीवरून दोघांचं वाजलं होतं. एकमेकांशी बोलत नसत. मीटिंगमध्ये मंगरू मधात उभा राहायचा. अध्यक्ष म्हणायचे, "मंगरू, सचिवाले सांग, सही कर." सचिव म्हणायचे, "मंगरू, अध्यक्षाले सांग, पेन नाई." पण सचिवाच्या सहीशिवाय संमेलनाचा खर्च निघत नव्हता.

अध्यक्षांनी तोंड वाकडं केलं. "टाका त्याले. पार शेवटी. आभाराच्या जागी."

मले हसू आलं. सरनं माझ्या पायावर पाय दिला.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मंडप गच्च. स्टेजच्या अर्ध्या भागाले काळं कापड, आत फरशी, ट्यूबा, कोंड्याची पोती, आणि समोर लग्नाच्या शूटिंगवाल्याचा पांढरा पडदा. रचनाचा बाप गोरेगावहून मोटारसायकलवर आला होता, पहिल्या रांगेत बसला होता. ऑर्डर एका ताटात, शाल आणि नारळाच्या मधात. मी स्टेजजवळच होतो, मले दिसत होती.

हार झाले. अध्यक्ष माईकवर आले. "आज विज्ञानानं तुमच्या या सेवकाले एका खड्यात बसवलं आहे," असं म्हणाले. मग दिवे बंद. सरनं खडा पहिल्या खुणेवर आणला. लेझर लावला.

पडद्यावर टोपी आली.

नुसती टोपी. हिरवी, मंद, हवेत. खाली कोणी नव्हतं. सगळ्यात पांढरं जे होतं तेवढंच उरलं होतं. टोपीच्या खाली जिथं अध्यक्ष पाहिजेत तिथं शूटिंगवाल्याच्या पडद्याले पडलेला रश्शाचा डाग दिसत होता.

कोणीतरी टाळी वाजवली. मग थांबली.

"चेहरा?" अध्यक्ष अंधारात म्हणाले. माईक चालू होता. "मास्तर, चेहरा कुठं?"

सरनं खडा फिरवला. सुशिलाबाईची साडी जराशी. पाहुण्याची कॉलर. पाहुणा खुर्चीत पुढं सरकून स्वतःले शोधून राहिला होता. पुढं पुढं माणसं उजळत गेली. साळ्याचा साळा चांगला ओळखू आला, मिशीसकट. मागून पोरं शिट्ट्या मारायले लागली. आणि मग शेवटची खूण.

सेवकरामजी.

असा उजेड पडला की पहिल्या रांगेचे चेहरे हिरवे झाले. दात दिसले. दाताच्या मधातली फट दिसली. खिशातला पेन दिसला, जो मीटिंगमध्ये नसायचा. सेवकरामजी खुर्चीतून उठले आणि पडद्याले नमस्कार केला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा मंगरूशिवाय बोलले.

"दादा, तुमी त पुसले गेले!"

मंडप फुटला. दिवे लागले. अध्यक्षांनी माईक सरच्या छातीवर टेकवला. "सांग. सगळ्यासमोर सांग. हे काय आहे?"

सरनं ताटाकडं पाहिलं. पहिल्या रांगेकडं पाहिलं. मी मनात म्हणून राहिलो, सर, मशीन बिघडली म्हणा. लाईट कमी-जास्त झाली म्हणा. इथं सगळ्यांना पटते ते.

"साहेब, हा खडा मान पाहत नाई," सर म्हणाले. "पहिला आला त्याले मागचे पुसतात. मी सांगितलं होतं. तुमी म्हटलं, मी काय आभारप्रदर्शन आहो काय."

पोरं बाकावर चढली. अल्का मॅडम, ज्यांचा नंबर यायचा होता, त्या माईक न घेताच जोरात हसल्या. त्यांचा तेवढा आवाज सगळ्यांनी ऐकला.

ताटातून शाल आणि नारळ पाहुण्याले गेले. ऑर्डर अध्यक्षांनी खिशात घातली. रचनाचा बाप चहा न घेताच गाडीले किक मारून गेला. दुसऱ्या दिवसापासून सरचे तासही बंद. जुलैत सरचा जन्म झाला नाई.

ते वर्ष सर माझ्या दुकानात बसून होते. पत्रिकांचं प्रूफ पाहायचे. मी लिहायचो 'आर्शिवाद', ते रफार-वेलांटी हलवून द्यायचे. खडा त्यांच्या शर्टच्या खिशात, काळ्या कापडात. रचना कधी बसनं यायची, पत्रिकांचे नमुने उलटून पाहायची, म्हणायची, "हा रंग बरा आहे, राहू दे." बापाले तिनं सांगून टाकलं होतं, की दुसरा पाहाल त मी त्याले सुई मारीन. पण बापाची अट होतीच, आणि सरले पण ती चुकीची वाटत नव्हती. हेच मले जास्त झोंबलं.

इकडं सेवकरामजींचा भाव वाढला. संस्थेची निवडणूक आली त माझ्याकडं आले, पडद्यावरचा तो दातवाला फोटो मोबाईलमध्ये. "इंदर, दहा बाय वीस बनव. वर लिही, विज्ञानाचा कौल, सेवकरामजी!" बनवला. चुन्नीलालजींचे पण बनवले. धंदा आहे. त्यांच्या फ्लेक्सवर टोपी कमी करा असं मी सुचवलं होतं, ऐकलं नाई. पोरं टोपीखाली कोळशानं लिहून जायची, कुठं गेले?

सेवकरामजी निवडून आले. अध्यक्ष. हार गळ्यात ठेवूनच दुकानात आले. सर प्रूफ पाहून राहिले होते.

"रामटेके सर," सेवकरामजी म्हणाले. "सर" म्हणाले, हे मी ऐकलं. "तुमच्या खड्यानं मले अध्यक्ष केलं. आता संमेलनात पुन्हा दाखवायचं. नवीन कमिटी, नवीन फोटो."

सरनं पेन खाली ठेवला. "पहिले ऑर्डर. मग फोटो."

"स्टेजवर देतो ना. जुबान—"

"जुबान मागच्या ताटात राहिली साहेब. ऑर्डर सहीची, शिक्क्याची, विद्यापीठाच्या मंजुरीले पाठवलेली. मंजुरी आली, की खड्यावरचं कापड काढतो."

सेवकरामजींनी माझ्याकडं पाहिलं. मी ऑर्डर टाईप करून काढली आणि शिक्क्याचं पॅड पुढं सरकवलं. संस्थेचा नवीन शिक्का सकाळीच तयार झाला होता. मंगरूले मधात उभं न करता त्यांनी सही केली. पेन खिशातच होता.

मंजुरी यायले पाऊसकाळ गेला, पण आली. रचनाचा बाप आला, पहिल्या घोटाले विचारलं, सरनं कागद पुढं केला, आणि त्या माणसाले दुसऱ्या घोटाले काही बोलायलेच नाई राहिलं. पत्रिका मी छापल्या. रचनानं राहू दे म्हटलेला रंग.

मग सेवकरामजी यादी घेऊन आले. एकवीस डोकी. मी मोजली, सवय आहे.

"पहिले मी," ते म्हणाले.

मले वाटलं मजाक करून राहिले. सरले पण वाटलं. पण ते खुर्चीत मागं टेकले होते, हार नव्हता तरी मान हारात असल्यासारखी.

"साहेब," सर म्हणाले, "तुमी डोळ्यानं पाहिलं आहे. पहिला पुसते. तुमी शेवटी होते म्हणून दिसले. शेवटी बसा."

"तेव्हा मी सचिव होतो."

"खड्याले ते समजत नाई साहेब."

"चुन्नीलाल पुसला गेला कारन लोकं त्याले कंटाळले होते," सेवकरामजी म्हणाले. "मले लोकांनी निवडून दिलं. आन् अध्यक्ष शेवटी बसते काय? मी काय आभारप्रदर्शन आहो काय?"

मी कॉम्प्युटरकडं तोंड केलं. सरचा आवाज एकदम सरळ होता.

"मग शेवटी कोन, साहेब?"

"माजी अध्यक्ष म्हणून चुन्नीलालले घ्यावंच लागते. टाका त्याले शेवटी."

सेवकरामजी गेले. गाडीचा आवाज फाटकापलीकडं गेला. सरनं खिशातून खडा काढला, उन्हात धरला, पुन्हा काळ्या कापडात गुंडाळला.

"इंदर," म्हणे, "चुन्नीलालजींचा एखादा चांगला फोटो आहे काय तुझ्याकडं? टोपी काढलेला?"